‘पोट साफ होण्याचे औषध’ एकच नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत अलीकडे बद्धकोष्ठतेवरील घरगुती उपायांची एक चौकट प्रसिद्ध झाली. तीत इसबगोल, एरंडेल, त्रिफळा चूर्ण आणि सोनामुखी ही चारही नावे एका ओळीत देऊन ‘यांपैकी काहीही एक रात्री झोपताना घ्यावे’ असा सल्ला दिला होता. औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभे राहून आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला तो सल्ला फार खटकला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. या चार वस्तूंचा परिणाम वरवर एकसारखा दिसत असला, तरी त्यांचे काम करण्याचे मार्ग, त्यांना लागणारा वेळ आणि त्या कोणाला चालतात व कोणाला चालत नाहीत हे सारे वेगवेगळे आहे. इसबगोलाला गुण दाखवायला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. एरंडेल दोन ते सहा तासांत काम करते, त्यामुळे ते झोपताना घेणाऱ्याची झोप पहाटेच्या आधीच मोडणार हे ठरलेले.

दुकानात येणारे गिऱ्हाईक कधी ‘मला रेचक हवे’ असे म्हणत नाही. ते आवाज खाली करून ‘पोट साफ व्हायचं काहीतरी द्या’ असे म्हणते, आणि बहुतेक वेळा दुकानदारही हाताला लागेल ती बाटली किंवा डबा पुढे करतो. औषध कोणासाठी, वय किती, किती दिवसांपासून त्रास आहे, पोटात दुखते का, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, हे प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात, पण संकोचामुळे घेणाराही बोलत नाही आणि गर्दीमुळे देणाराही विचारत नाही.

मुळात रोज सकाळी शौचाला झालीच पाहिजे हा आपल्याकडचा दंडक शरीर मानत नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढ्या पट्ट्यात निरोगी माणसाचे नित्यकर्म कुठेही बसू शकते. मल कडक नसेल, कुंथावे लागत नसेल आणि नंतर मोकळे वाटत असेल, तर एक दिवसाआड जाणाऱ्याला बद्धकोष्ठ आहे असे म्हणता येत नाही. लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर पातळ द्रव उतरतो आणि त्यातले बहुतेक पाणी मोठे आतडे शोषून घेते. शंभर-दोनशे मिलिलिटर तेवढे मलाबरोबर बाहेर पडते. मल जितका काळ आतड्यात रेंगाळतो तितका तो कोरडा होत जातो. रेचकाने करायचे ते एवढेच, की हे पाणी मलात धरून ठेवायचे किंवा आतड्याची हालचाल वाढवायची. आपल्याकडे मिळणारी बहुतेक रेचके या दोहोंपैकी एका किंवा दोन्ही वाटांनी जातात.

इसबगोलापासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत निर्धोक मानले जाते आणि बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने घेतले जाते. गुजरात आणि राजस्थानात पिकणाऱ्या या बियांचे टरफल म्हणजे आपला नेहमीचा इसबगोलाचा भुसा. गुजरातमधील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. तो पचत नाही आणि रक्तातही जात नाही, केवळ पाणी धरून फुगतो. पेलाभर पाण्यात चमचाभर भुसा टाकून दहा-पंधरा मिनिटे ठेवला, तर त्याचा दाट, बुळबुळीत गोळा झालेला दिसतो आणि चमचा उभा करू पाहिला तर तो तिरका होऊन हळूहळू कलतो. हेच पोटात घडावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी पाणी हवेच. एका मात्रेमागे किमान 240 मिलिलिटर, म्हणजे एक मोठा पेला. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणारे लोक मी पाहिले आहेत. अशा वेळी तो घशात किंवा अन्ननलिकेतच फुगून अडकण्याचा धोका असतो. ज्यांना गिळायला त्रास होतो, ज्यांच्या आतड्यात अडथळा असल्याची शंका आहे किंवा जे अंथरुणाला खिळून आहेत आणि पाणी बेताचेच पितात, त्यांना इसबगोल देऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांच्यात दोनेक तासांचे अंतर ठेवावे. पहिल्या रात्रीत गुण आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी डबा कपाटात ढकलून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे. खरे तर हे औषध रोज घेत राहण्याचे, आणि आहारात भाजी, फळे, कडधान्ये कमी पडत असतील तर ती उणीव भरून काढण्याचे आहे. पातळ शौचाला होत असताना हाच भुसा जास्तीचे पाणी धरून ठेवतो, म्हणून तो जुलाबातही कधी कधी दिला जातो.

दुसरा वर्ग आतड्यात पाणी खेचून ठेवणाऱ्या औषधांचा. यात सध्या डॉक्टरांचा सर्वाधिक भर असतो तो पॉलिएथिलीन ग्लायकॉलवर. ही चव नसलेली किंवा हलकी फळांची चव असलेली पूड असते. मोठ्या माणसाची नेहमीची मात्रा 17 ग्रॅम, पेलाभर पाण्यात विरघळवून. ही पूड आपल्याबरोबर पाणी घेऊन मोठ्या आतड्यापर्यंत जाते आणि एक ते तीन दिवसांत मल मऊ करते. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी 2023 मध्ये जुनाट बद्धकोष्ठतेसाठी एकत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत या औषधाची ठाम शिफारस केली आहे. इसबगोलासारख्या तंतूंची आणि सोनामुखीची शिफारसही आहे, मात्र ती सशर्त आहे. लहान मुलांच्या बद्धकोष्ठतेतही, बालरोगतज्ज्ञाने मात्रा ठरवून दिल्यावर, हेच पहिले औषध मानले जाते. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे तपासण्याच्या, आदल्या दिवशी लिटरच्या हिशेबात जे द्रावण प्यायला लावतात, त्यातही बहुधा हाच पदार्थ क्षारांसह असतो.

याच वर्गातले लॅक्ट्युलोज हे गोड, चिकट सरबत. ती एक कृत्रिम साखर आहे. आपले शरीर ती पचवू शकत नाही, म्हणून ती मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला जाते. ते तिचे आम्लात रूपांतर करतात, त्या आम्लामुळे पाणी खेचले जाते आणि वायूही होतो. पोट गुबारते अशी तक्रार घेऊन लोक परत येतात ती याच औषधाबाबत. गुण यायला एक-दोन दिवस लागतात. या औषधाबद्दल एक गोष्ट जरा ठासून सांगायला हवी. यकृताचा सिरोसिस झालेल्या रुग्णाला लॅक्ट्युलोज देतात ते बद्धकोष्ठासाठी नव्हे. आतड्यात तयार होणारा अमोनिया रक्तात जाऊन मेंदूवर परिणाम करतो, लॅक्ट्युलोजमुळे तो आतड्यातच अडकून शौचावाटे बाहेर पडतो. म्हणूनच अशा रुग्णाला दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला व्हावी अशी मात्रा डॉक्टर ठरवतात. घरच्या मंडळींना वाटते की माणसाला जुलाब लागले, अशक्तपणा येईल, म्हणून ते परस्पर सरबत बंद करतात, आणि काही दिवसांत रुग्ण गुंगीत जातो, असंबद्ध बोलू लागतो, हात थरथरतात. अशा वेळी मात्रा कमी करायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे पांढरे द्रावण, हेही पाणी खेचणारेच, पण त्याचा परिणाम अर्ध्या तासापासून सहा तासांत दिसतो. धडधाकट माणसाने अधूनमधून घ्यायला ते ठीक आहे. मूत्रपिंडे कमकुवत असलेल्याला मात्र ते घातक ठरू शकते. मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर पडू शकले नाही की ते रक्तात साठते, रक्तदाब उतरतो, स्नायू ढिले पडतात, हृदयाची लय बिघडते. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाबाचे वयस्कर रुग्ण इतके आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांना आपले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, किती आहे हे माहीतच नसते, की साठीच्या पुढच्या माणसाच्या हाती ही बाटली विचारपूस केल्याशिवाय देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. फॉस्फेटच्या एनिम्याबाबत तर याहून जास्त काळजी घ्यावी लागते. एका दिवसात एकापेक्षा अधिक मात्रा घेतल्यास मूत्रपिंडांना आणि हृदयाला गंभीर इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये सोडियम फॉस्फेटच्या रेचकांबद्दल दिला होता.

आता ज्यांच्यामुळे हे पत्र लिहावे लागले त्या वर्गाकडे वळतो, म्हणजे आतड्याला चाळवणाऱ्या रेचकांकडे. सोनामुखी, बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट आणि एरंडेल ही त्यांतली मुख्य. तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागात पिकणाऱ्या सोनामुखीच्या पानांतील सेनोसाइड ही द्रव्ये लहान आतड्यातून जशीच्या तशी पुढे जातात. मोठ्या आतड्यातील जिवाणू ती फोडतात, तेव्हा कुठे त्यांचा अंमल सुरू होतो. सहा ते बारा तास लागतात ते या प्रवासामुळे, आणि म्हणूनच रात्री घेतले की सकाळी परिणाम दिसतो. बिसाकोडिलच्या छोट्या गोळीवर असे वेष्टन असते की ती जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावी. ती गोळी अर्धी करून, चावून किंवा दुधाबरोबर घेतली, अथवा तिच्या आगेमागे पित्तशामक औषध घेतले, तर वेष्टन जठरातच उतरते आणि पोटात कळा येतात. ‘पूर्ण गोळी जास्त होईल, अर्धीच घेतो’ हा काटकसरीचा विचार येथे उलटतो.

एरंडेलाची गोष्ट वेगळी. एके काळी घरोघरी सुटीच्या दिवशी मुलांना रांगेत बसवून ते पाजले जाई आणि त्या चेहऱ्यांची आठवण आजही माझ्या वयाची माणसे हसत हसत सांगतात. लहान आतड्यात पाचक रसाने एरंडेलातून रिसिनोलिक आम्ल सुटते. 2012 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवून दिले की हे आम्ल आतड्याच्या स्नायूंतील प्रोस्टाग्लँडिन या शरीरातील द्रव्याच्या एका विशिष्ट ग्राहीवर (रिसेप्टरवर) काम करते, आणि तोच ग्राही गर्भाशयाच्या स्नायूंतही असतो. गरोदर बाईला एरंडेल देऊ नये हे आपल्या सुईणींना ठाऊक होते, त्यामागचे कारण हे. नित्याच्या बद्धकोष्ठासाठी एरंडेल घेण्याचे आज काहीच प्रयोजन उरलेले नाही.

बाजारात मिळणाऱ्या कित्येक चूर्णांच्या डब्यामागची बारीक अक्षरांतली यादी भिंग लावून वाचली, तर तिच्यात मुख्य घटक सोनामुखीच निघतो, कधी सनाय तर कधी स्वर्णपत्री या नावाने. जोडीला सैंधव, काळे मीठ आणि सज्जीखार असतात. ज्याला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे तो रक्तदाबाचा रुग्ण रोज रात्री हे चूर्ण घेतो आणि भाजीत मात्र मीठ टाकत नाही. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ असे जाहिरात सांगते, पण खुद्द आयुर्वेदाने असा सरसकट निर्वाळा कधी दिलेला नाही. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पोट साफ करण्याच्या अनुलोमन, स्रंसन, भेदन आणि रेचन अशा चार पायऱ्या वेगळ्या केल्या आहेत आणि त्यांची उदाहरणे म्हणून अनुक्रमे हिरडा, बहाव्याचा मगज, कुटकी आणि निशोत्तर दिली आहेत. वैद्य रुग्णाचा कोठा मृदू की क्रूर, म्हणजे पोट सहज साफ होणारे की अवघड, हे पाहून औषध निवडतो. आपल्या पुरवणीतल्या चौकटीने सौम्य त्रिफळा आणि जालीम एरंडेल एकाच ओळीत बसवून त्या परंपरेचाही मान राखला नाही.

चूर्णाची सवय कशी लागते, हे समजून घेण्याजोगे आहे. जोरदार रेचकाने एकाच वेळी मोठ्या आतड्याचा बराचसा भाग रिकामा होतो. तो पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणे साहजिक असते. पण दुसऱ्या दिवशी शौचाला झाली नाही की माणूस घाबरतो, पुन्हा चूर्ण घेतो, आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालते. चूर्णाने आतडी कायमची लुळी पडतात असे जे सांगितले जाते, त्याला योग्य मात्रेपुरता फारसा आधार मिळालेला नाही. सोनामुखीच्या दीर्घ वापराने आतड्याच्या आतल्या अस्तरावर काळपट रंग चढतो, तोही निरुपद्रवी असून औषध थांबवल्यावर काही महिन्यांत उतरतो. खरा धोका मात्रा चढत जाण्याचा आहे. वारंवार पातळ शौचाला होऊन रक्तातील पोटॅशियम घटते. लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याच्या बाबतीत तर हे जिवावर बेतू शकते. वजन उतरवण्यासाठी सोनामुखीचा ‘डिटॉक्स’ चहा पिणाऱ्या तरुण मुलींनी एवढे लक्षात घ्यावे की अन्नातील उष्मांक लहान आतड्यातच शोषले जातात आणि हा चहा त्याच्या पुढच्या मुक्कामावर काम करतो. काट्यावर जे कमी दिसते ते पाणी असते.

पत्र लांबत चालले आहे, आणि विषयात एरंडेल असले तरी हे एरंडाचे गुऱ्हाळ होऊ नये म्हणून उरलेल्या प्रकारांबद्दल थोडक्यात लिहितो. लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल मलाला वंगण देते. आपल्याकडे ते बरेचदा मॅग्नेशियाबरोबर एकाच बाटलीत येते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला किंवा तान्ह्या मुलाला ते आडवे करून पाजले, तर श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज आणू शकते. फार दिवस घेतल्यास अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यात अडथळा येतो. ग्लिसरीनची गुदवर्ती, म्हणजे गुदद्वारात ठेवायची वडी, पंधरा मिनिटांपासून तासाभरात काम करते आणि मल अगदी तोंडाशी येऊन अडला असेल तर तोंडावाटे घ्यायच्या कोणत्याही औषधापेक्षा तीच सोयीची. प्रुकॅलोप्राइड, लुबिप्रोस्टोन यांसारखी अलीकडची औषधे साध्या उपायांनी गुण न आलेल्यांसाठी आहेत आणि ती तज्ज्ञानेच लिहून द्यायची. काहींच्या बाबतीत दोष आतड्यात नसून ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंत असतो. कुंथताना जे स्नायू सैल पडायला हवेत तेच आवळले जातात. अशांना कितीही रेचके दिली तरी समाधान होत नाही. त्यांच्यासाठी त्या स्नायूंना वळण लावणारी बायोफीडबॅक नावाची उपचारपद्धती आहे.

मग कधी काय घ्यावे? प्रवासात किंवा खाण्यापिण्यातल्या बदलाने दोन-चार दिवस अडखळले, तर सोनामुखीची किंवा बिसाकोडिलची एखादी मात्रा घ्यायला हरकत नाही. त्रास महिनोन्‌महिने चालू असेल, तर आधी इसबगोल, मग पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज, आणि चाळवणारी औषधे अडीनडीला. गरोदरपणात लोहाच्या गोळ्यांमुळे बद्धकोष्ठ होणे नेहमीचेच. तेव्हा लोह बंद न करता इसबगोल किंवा लॅक्ट्युलोज डॉक्टरांना विचारून घ्यावे. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू असलेल्या रुग्णाला मात्र इसबगोल देऊ नये. त्याचे आतडे औषधाने मंद झालेले असते, तेथे भर घातल्याने कोंडी वाढते. अशांना पहिल्या दिवसापासूनच चाळवणारे आणि पाणी खेचणारे औषध लागते, आणि वेदनाशामक लिहून देतानाच ते का लिहिले जात नाही हे मला कधी कळलेले नाही. कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबावरचे व्हेरापमिल, नैराश्यावरचे ॲमिट्रिप्टिलीन, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ॲल्युमिनियमयुक्त पित्तशामके यांनीही मल घट्ट होतो. थायरॉइडची कमतरता, मधुमेह आणि कंपवात हीदेखील कारणे असतात. अशा ठिकाणी रेचक वाढवत नेण्याआधी मूळ कारणाकडे पाहावे लागते. गुडघेदुखीमुळे कमोड वापरणाऱ्या वृद्धांच्या पायाखाली वीतभर उंचीचे स्टूल ठेवले, तरी पुष्कळ फरक पडतो. न्याहारीनंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, तेव्हा आलेली कळ दाबून नोकरीला पळू नये.

पोटात दुखत असताना, ओकाऱ्या होत असताना, पोट फुगून वायूही सरत नसताना कोणतेही रेचक घेऊ नये. अपेंडिक्सला सूज असताना पाजलेले एरंडेल ते फुटायला कारण होऊ शकते, आणि आतडे अडलेले असताना दिलेला जुलाब शस्त्रक्रियेची वेळ आणतो. शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन उतरणे, रक्त कमी होणे, किंवा पन्नाशीच्या सुमारास आयुष्यात पहिल्यांदाच बद्धकोष्ठ सुरू होणे ही लक्षणे असतील तर चूर्णाच्या डब्याला हात न लावता तपासणी करून घ्यावी, कारण मोठ्या आतड्याचा कर्करोगही याच वाटेने आपली वर्दी देतो. मूळव्याधच असेल असे स्वतःशी ठरवून वर्ष-वर्ष चूर्ण घेत राहिलेले लोक प्रत्येक औषधविक्रेत्याच्या माहितीत असतात.

माझी आपल्याला विनंती आहे की पुरवणीतील त्या चौकटीची दुरुस्ती तेवढ्याच ठळकपणे छापावी, आणि यापुढे रेचकाचे नाव छापताना ते कोणत्या प्रकारचे आहे, किती तासांत काम करते आणि कोणी घेऊ नये या तीन गोष्टी त्यासोबत द्याव्यात. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती की रेचकांच्या फळीवर हीच माहिती मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावी, म्हणजे संकोचाने न बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला ती निदान वाचता येईल. चूर्णांच्या उत्पादकांनी सोनामुखीचे नाव आणि मिठाचे प्रमाण डब्याच्या दर्शनी बाजूस छापावे, अशी सूचना अन्न व औषध प्रशासनाकडे मी स्वतंत्रपणे पाठवीत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधविक्रेता, फलटण (जि. सातारा)